प्लॉट नंबर चौदा

होटगी रोडच्या पुढे, जिथे घरं अजून फक्त नकाशात आहेत,
तिथल्या कोऱ्या डांबरावर
रविवारी सकाळी सहाला आम्ही गाड्या पळवतो.
म्हणजे पोरं पळवतात. मी खुर्चीवर.
जुन्या एट-हंड्रेड, दोन झेन, मागचं दार नसलेली एक ओम्नी.
दहाच्या आत आटपायचं; नंतर डांबर चप्पल धरून ठेवतं.

चाळीस वर्षं मी चादरीच्या नक्षीची कार्डं पंच केली.
भोक, किंवा भोक नाही.
मोराच्या डोळ्यात एक चुकलं
तर हजार चादरींत मोर तिरळा.
पोरं म्हणाली, यांनाच बसवा, हे आधीपासूनच पंच.

आज चौदा नंबरच्या वळणावर
तौसिफ नदाफची पांढरी झेन
इरेश तेनगीनकाईच्या लाल गाडीला लागली.
लागली म्हणजे
टपरीवर कोपराला कोपर लागतो, तेवढीच.
पण लाल गाडीचं चाक हद्दीच्या दगडावर चढलं
आणि ती कुशीवर आडवी झाली,
निवांत, दुपारी म्हैस बसावी तशी.
खिडकीतून इरेश वर आला. हेल्मेट, हात, शिव्या. सगळं शाबूत.

मग गर्दी माझ्या खुर्चीभोवती.
"वर्षभर बाहेर काढा त्याला!"
"अजून काय बघलालाव, गाडी उलटी पडलीय की!"

उठलो. वळणापर्यंत चालत गेलो.
आधी बघायचं, रंग कुठे लागलाय.
मागच्या बंपरला असता तर बोलणंच संपलं.
हा पुढच्या दारावर होता, बिजागरीपाशी;
म्हणजे झेन आत होती, निम्म्याहून जास्त,
आणि लाल गाडीनं वळण मिटवून घेतलं
जणू आत कुणी नव्हतंच.
टायरचे ओरखडे उलट्या बाजूनंही वाचले.
कापड पाठीकडून बघावं,
पुढून कुठलंही बरं दिसतं.

श्रीनिवास येमुलच्या मोबाइलवर व्हिडिओ होता.
तीनदा बघितला. चौथ्यांदा आवाज बंद करून,
कारण आवाजात गर्दी असते आणि डोळा तिचं ऐकतो.
झेनही सरकली होती बाहेर, हातभर. तेही खरं.
कार्डावर अर्धं भोक नसतं.
इथे सगळी अर्धीच.

"तौसिफला पाच सेकंद. इरेशला ताकीद."
"गाडी उलटली आणि पाच सेकंद?"
"उलटवली दगडानं. दगडाला किती सेकंद देऊ?"

इथे थांबलो असतो तर भाकरी गोड लागली असती.
पण व्हिडिओ मी सुरुवातीपासून लावला होता,
आणि दुसऱ्या फेरीत, त्याच वळणावर,
नागेश वडलाकोंडा, सगळ्यांचा लाडका, माझ्या बहिणीचा नातू,
निळ्या गाडीनं ओम्नीला मागून सरळ ढकलतो.
ब्रेकचा दिवा एकदाही लागत नाही.
ओम्नी रिकाम्या प्लॉटात, कुसळांतून, एक गिरकी घेऊन परत येते.
लोक हसले होते. शिट्ट्याही.

"नागेश. तीस सेकंद."
पहिला आलेला पोरगा पाचवा झाला.
"आजोबा, काहीच झालं नव्हतं की!"
"हो," म्हणालो, "काहीच झालं नव्हतं."
याहून बरं उत्तर सुचलं नाही, अजूनही.
तो हेल्मेट माझ्या पायाशी ठेवून गेला.
ठेवून. आपटून नाही. तेच जास्त लागलं.

ओम्नीवाल्या हलकुड्यांनी तक्रार केलीच नव्हती.
ते जाळीतली कुसळं एकेक उपटत बसले होते.
वर बघितलं, मान हलवली,
शेंगा चटणीची पुडी पुढे केली.

निकालाच्या कागदावर तीन रकाने असतात:
गाडी, घटना, शिक्षा.
सगळं भरल्यावर तळाशी अजून एक ओळ लिहिली.
दुसरी फेरी, प्लॉट चौदा. पंच हसले.
पुढचा रकाना कोरा ठेवलाय.
पेन दिवसभर खिशात तापत होतं.