बाहेरून, आतून

दाभोळच्या फेरीबोटीत पहिल्याच आठवड्यात
मला तीनदा नेपाळ मिळालं, एकदा मणिपूर,
आणि धोपाव्याच्या एका म्हाताऱ्याने तर
अख्खा चीन हातावर ठेवला, सुट्ट्या पैशांसारखा.
मलेशिया म्हटलं की म्हणायचे, हां हां, दुबईच्या पुढे.
मी मान हलवायचे.
पुढेच आहे. बराच पुढे.

हिशाम खाडीतला गाळ उपसणाऱ्या जहाजावर,
मी हुरजुकांच्या माडीवर, भाड्याच्या दोन खोल्यांत,
लेकीच्या पाटीवर तिच्याबरोबर अ आ इ गिरवत.
बोलायला मात्र धक्क्यावर शिकले,
म्हणून माझं मराठी अजून जरा ओलं आहे
आणि दोन वाक्यांनंतर घासाघीस करू लागतं.

यमुना पावशीकडून जवळा घेतला.
मीठ लावून गच्चीवर वाळवला, कुटला,
पुन्हा वाळवला, पुन्हा कुटला,
आईच्या हातासारख्या वड्या थापल्या.
तिसऱ्या दिवशी जिन्यात सकीनाभाभी, नाकाला ओढणी:
"वर काय मेलाय गो?"
"बलाचान," मी म्हटलं.
तिचा चेहरा पडला. "या अल्ला. कोण होता तो?"

समोरच्या तोडणकरबाईंनी चहाला बोलावलं.
"डोसा खाणार ना?"
मला हसू आवरेना. आमच्याकडे दोसा म्हणजे पाप.
बाई शाळेतल्या. क्षणभर थांबल्या,
"म्हणजे दोष!" म्हणाल्या, "मग दोन घे."
स्वतः काही घेईनात. चतुर्थी, उपवास.
मी म्हटलं, आम्ही रोज्याला पुआसा म्हणतो.
त्यांनी कॅलेंडरच्या मागे दोन्ही शब्द लिहिले,
एकाखाली एक,
आणि आम्ही त्यांच्याकडे बघत बसलो,
परक्या बंदरात आपल्या गावचं कुणी दिसावं तसं.

ईदच्या आदल्या दिवशी माडाची कोवळी पिवळी पाती आणवली.
सकीनाभाभीला झाप विणता येतात,
माझ्या विणीकडे बघून म्हणाली, एवढासा झाप कुणाच्या घराला?
भाताच्या घराला, मी म्हटलं.
रात्रभर शिजले केतुपात. चार फुटले.
तांदूळ इथला, फुगायची त्याची रीत वेगळी,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी हिशाम धक्क्याजवळच्या मशिदीतून आला तो खुशीत:
"हात आपल्यासारखेच बांधतात इथे. अगदी तसेच."
आणि मग बराच वेळ खिडकीशी गप्प.

आईचा फोन. तिच्या जिन्याखाली चपलांचा ढीग,
मामांच्या, आत्यांच्या, अर्ध्या गल्लीच्या.
"तुझ्या दाराशी किती?"
मी फोन वळवला. माझ्या, हिशामच्या, लेकीची एक,
दुसरी कुत्र्याने नेलेली.
येतील, म्हटलं. उजाडलंय आत्ता कुठे.

आमच्यात ईदला दोन्ही हातांत हात घेऊन म्हणतात,
माझ्या हातून बाहेरून चुकलं असेल, आतून चुकलं असेल,
माफ कर.
सकीनाभाभी शीरखुर्मा घेऊन वर आली, तिला म्हटलं.
ती घाबरली. "तू काय केलंस गो?"
काही नाही. अशीच रीत.
तिने हात सोडला नाही.
पायरीकडे बघत राहिली, मग हळूच:
"त्या वड्या. कावळ्यांनी नेल्या सांगितला ना तुला.
कावळ्यांनी नाय नेल्या. मीच खाडीत टाकल्या.
पाचच. बाकीच्यांना हात नाय लावला."

मी काय बोलणार.
मीही चार महिने आईला सांगत होते, मजेत आहे,
आणि तिकीट काढून धोपाव्याला जात होते, परत येत होते,
नुसतं रडायला एक बोट हवी म्हणून.

दुपारी तोडणकरबाई आल्या, नारळाच्या वड्या घेऊन.
संध्याकाळी यमुना. ती काही बोलली नाही.
जवळ्याचं माप उंबऱ्याआत ओतलं,
शिगोशीग, पैसे न घेता,
आणि रबरी बूट जिन्यात काढून भिंतीला टेकून बसली.

आईचा पुन्हा फोन. मी तो जिन्याकडे धरला.
चष्मा चढवून ती मोठ्याने मोजू लागली:
"सातू, दुआ, तिगा..."
दुआ म्हणजे दोन.
पण सकीनाभाभीने तेवढंच ऐकलं,
घाईघाईने डोक्यावर पदर घेतला,
दोन्ही तळवे वर केले
आणि माझ्या आईच्या चपला मोजून होईस्तोवर
तशीच थांबली, मग म्हणाली,
आमीन.