तुटक रेघ

नकाशात भुरी नाला तुटक रेघेनं काढलाय.
तुटक रेघ म्हणजे हंगामी प्रवाह :
होळीनंतर वाळू, मृगापर्यंत वाळूच.
नकाशा माझ्या वडिलांच्या लग्नाआधीचा.

मी उभी आहे खैरी बोडीच्या पुलाखाली,
मे महिन्याची नऊ तारीख,
ओढणीच्या गाठीत कांदा, हातात फॉर्म,
आणि पाणी पोटरीपर्यंत.
करडं. खांबाशी फेस धरलेलं.
काठाला बेशरमाची झुडपं, त्यांना अडकलेली
शॅम्पूची पुडी, कुणाच्या तरी नळाचा वायसर.

शहर इथून एकोणतीस किलोमीटर वर.
तिथे सकाळी आंघोळी होतात,
ते पाणी इथे पोचतं
तोवर खैरीतली माणसं खाटा टाकून आडवी झालेली असतात.
गिरजा नान्हे वासावरून वार सांगते.
“इतवारचं पानी साबनाचं असते, पोरी.
सोमवारी मंग जरा बरं.”

आता हे पाणी शहरातच धुऊन
सव्वा मीटर रुंदीच्या नळातून
वीज केंद्राच्या मनोऱ्यांना थंड करायला जाणार.
टप्पा दोन. सतरा किलोमीटर.
चुन्याची फक्की पडलीय बांधाबांधानं,
एका ठिकाणी कुणीतरी
तिच्यावर गोवऱ्या थापल्यात.

मी मोजते.
कुदळ्या बत्तीस. खंड्या तीन.
टिटवीची अंडी चार, फक्कीपासून दोन हातांवर,
दगडांत दगडांसारखी.
गिरजाच्या टोपलीत शिंगी सात, एक मरळ.
तिच्या सुनेचं वांग्याचं वावर अर्धा एकर,
डिझेल पंप, उसना.
फॉर्ममध्ये रकाने :
वनस्पती. पक्षी. आवाज. धूळ.
सांडपाण्यावर जगणारी माणसं कुठे लिहायची
ते विचारायला साहेबांना फोन लावला.
रेंज नव्हती.

“नवी नवरी होती मी, तवा इथं वाळू होती,” गिरजा सांगते,
“झिरा खोदा, वाटीनं भरा.
पानी असं का तळाशी वाटीची खरोंच दिसे.
मंग हे आलं. शिव्या देल्या आमी.
पाय खाजवून खाजवून रक्त काढलं.
दोन साल गेले, आन एक दिवस
माह्या मालकानं जाळं टाकलं उगाच,
भांडनाच्या रागात.
भरून आलं.”

मग मला विचारलं,
ह्या नळाचं नाव काय म्हणे?
मी वाचून दाखवलं : पुनर्वापर प्रकल्प.
तिनं मरळ उलटी केली टोपलीत.
“मंग आमी काय करून राह्यलो एवढे दिवस?”

सुनावणीला मांडव, कूलर,
सीलबंद ग्लासातलं पाणी.
बोलायला गिरजा उठलीच नाही.
सून उठली, वांग्याचं बोलली, माईक कुरकुरला.
मागून एक म्हातारा ओरडला,
पानी नेता तं न्या, वास बी न्यासान ना?
सगळे हसले. साहेबही.
इतिवृत्तात लिहिलं : खेळीमेळीचं वातावरण.

अहवालात परिच्छेद चार पूर्णांक तीन :
उन्हाळ्यात नाला कोरडा असतो,
सबब प्रवाहावर परिणाम नगण्य.
मी म्हणाले, सर, मी पोटरीपर्यंत उभी होते.
ते म्हणाले, कागदावर तो हंगामी आहे,
आणि ते पाणी नाल्याचं नाहीच,
शहराचं आहे.
त्यात खोटं काही नव्हतं.
म्हणूनच उत्तर सुचलं नाही.

रात्री ऑफिसात एकटी बसून
नकाशातले ठिपके मी निळ्या पेनानं जोडले,
खैरीपासून खाली, संगमापर्यंत.
सकाळी शिपायानं अकरा प्रती काढल्या.
झेरॉक्समध्ये निळं काळं होतं,
आणि माझा हात थोडा हललेला,
तर ती रेघ आता
रस्त्यासारखी दिसते.

घोट्यावर मात्र अजून खाज आहे.
डॉक्टरनं विचारलं, कुठल्या पाण्यात गेला होता?
मी म्हणाले, नाल्याच्या.