गवसणी

चारठाणकर सरांनी शाळेतला पृथ्वीगोल
आणून मशीनवर ठेवला, म्हणाले,
धुळीनं आफ्रिका दिसंना झालीय, मुंजाभाऊ,
हिला एक गवसणी शिवून द्या.

सेलूत पस्तीस वर्षं झाली शिवताना.
तबल्याची शिवली, कूलरची शिवली,
वारलेल्या माणसाच्या स्कूटरची शिवली.
पृथ्वीची पहिल्यांदाच.
पोटावरून टेप फिरवली. पंचवीस इंच.
लेकराच्या छातीचं माप.

मग शटर अर्धं ओढून
मुंबईवर अंगठा दाबून धरला
आणि टोरांटोपर्यंत दोरा ताणला,
रेवती राहते तिथवर.
वाटलं, अरबस्तानावरून, समुद्रावरून
नीट मावळतीला जाईल.
ताणला तसा तो आपला आपणच वर सरकला,
रशिया, बर्फ, ग्रीनलंडचा पांढरा पत्रा,
आणि तिकडून खाली कॅनडात उतरला.
कागदावर सरळ ती रेघ लांबची,
अंगावर वाकडी ती जवळची,
हे मला मुंढ्याच्या गोलाईनं कधीच शिकवलंय.
विमानवाल्यांनाही ठाऊक असेल
असं वाटलं नव्हतं.

आठ इंच.
माझ्या अर्ध्या बाहीला याहून जास्त लागतं.
सर म्हणतात साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास.
सेलू ते मुंबई एका टाक्याएवढं,
त्या टाक्याला माझी अख्खी रात्र जाते,
परतूरला कुणी पायावर पिशवी ठेवतं,
जालन्याला कुणी दिवा लावतं.

रेवती रात्री दोनला उडाली
अन् सकाळी साडेआठला उतरली, त्याच तारखेला.
सोळातले साडेसहाच घड्याळात भरले.
उरलेले साडेनऊ?
कातरण म्हणू का त्यांना?
माझ्याकडं कातरणीचं पोतं असतं,
बाया नेतात उशीत भरायला.
तिकडं विमानतळावर कोण नेत असेल.

मागं निहारला शर्ट पाठवला.
माप फोनवर आलं होतं, सेंटिमीटरात.
कुरिअरला दीड महिना लागला.
बाही मनगटाच्या चार बोटं वर.
बाबा, तुमचं चुकलं नाही, तोच वाढला,
रेवती म्हणाली. तिच्या खिडकीत ऊन होतं,
मी दिव्याखाली सुईत दोरा ओवत होतो,
तिसऱ्यांदा.

गवसणी आठ कळ्यांची केली, खाकी, खाली नाडी.
झकास बसली, सर म्हणाले, किती द्यायचे?
आतल्या अंगाला, मुंबईपासून वर,
लाल दोऱ्याची एक कच्ची धावटीप आहे.
ती पैशात धरली नाही.
पोरं ओढून काढतील, उलटी होईल,
तेव्हा दिसली तर दिसली.

निहारचा दुसरा शर्ट बेतलाय.
बाहीत दोन इंच दाब सोडलाय या वेळी.
रेवतीला उसवता येतं का,
विचारायला पाहिजे.