रविवारी तोफा बंद असतात

देवळाली कॅम्पात तोफखान्याचा सराव सुरू झाला
की फ्रामरोजशेटच्या दुकानातला काटा थरथरायचा.
सोनाराचा काटा तो, काचेच्या पेटीतला,
सराफ बाजारातून मीच आणलेला, बसमध्ये उभ्याने, छातीशी धरून.
म्हणून दारू तोलायची ती रविवारी.
रविवारी तोफा बंद, पंखा बंद,
बोलणं बंद.

मी तांबट आळीतला. पितळ मला नवं नव्हतं.
पण एवढंसं पितळ, करंगळीच्या जाडीचं,
बुडाशी कुठल्याशा परदेशी गावाचं नाव,
ते माझ्या तळव्यावर ठेवून त्याने विचारलं, "घासायचं कशाने?"
मी म्हटलं, चिंच.
तो हसला. मग हसायचा थांबला.
दुसऱ्या दिवशी आमच्या चुलीवर
मॅग्नमच्या पन्नास रिकाम्या नळ्या उकळत होत्या
आणि आई विचारत होती,
एवढी लहान फुलपात्रं कुणाच्या देवाची?

रिव्हॉल्व्हर त्याच्या मामाचं, केनियातून आलेलं.
परवान्यावर तीन शिक्के, एक पुसट.
त्याची काडतुसं इथे मिळत नसत,
होती तीच परत भरायची.
वहीत प्रत्येक नळीची कुंडली:
किती वेळा उडाली, ओठ कधी फाकले.
कानाशी धरून टिचकी मारायची,
तडा गेलेली बद्द वाजते.
हे मात्र मी त्याला शिकवलं.
घागर आम्ही अशीच पारखतो.

क्लबच्या रेंजवर एकदा त्याने ते माझ्या हातात दिलं.
चाप ओढला.
आवाज नंतर आला. आधी मनगट, कोपर, दात.
नळी आभाळाकडे बघत होती आणि मी नळीकडे.
निशाणीला भोक नाही, मागच्या मुरमातून धूळ.
"डोळे उघडे ठेव ना," तो म्हणाला,
"नाहीतर एवढा खर्च कशाला?"

मग तो रविवार. फोन वाजला.
हॉस्पिटलातून, धनमायबाईंचा.
तो उठला, बोलला, परत येऊन बसला,
एकेका नळीवर शिसं बसवत गेला.
पन्नासावी झाली, तरफ वर आली,
आणि हात तसाच तरफेवर राहिला.
"फोन आला तेव्हा मी कितव्या नळीवर होतो?"

मला माहीत नव्हतं. मी बंद पंख्याकडे बघत होतो.
एखादीत दारू दुप्पट पडली असेल
तर निशाणीपेक्षा जवळचं काहीतरी फुटतं.
तोलून बघू, मी म्हटलं.
"पितळ पितळासारखं नसतं, शिसं शिशासारखं नसतं.
तेवढ्या फरकात दारू लपून बसते."

सगळी उघडली. एकेक.
शिसं वाटीत, दारू कागदावर,
कागदावरची काट्यात.
उन्हं दारातून टेबलावर आली, टेबलावरून गेली.
भेटायची वेळ टळतेय शेट, उद्या करू.
"उद्या मला हेही आठवणार नाही
की आज काहीतरी विसरलो होतो."

एकोणपन्नास बरोबर निघाल्या.
पन्नासावीही.

दारू त्याने गुलाबाच्या वाफ्यात पसरली, वर झारीने पाणी.
मग टोपी घालून गेला.
धनमायबाई झोपल्या होत्या, नर्सने उठवू दिलं नाही.
त्यानंतर काचेची पेटी त्याने उघडली नाही.
निवडणुकीआधी हत्यार ठाण्यात जमा केलं
ते परत आणायला गेलाच नाही.

आता माझं भांड्यांचं दुकान आहे.
पोरगा म्हणतो, बाबा, स्टीलच्या डब्याला टिचकी मारून
काय कळतं तुम्हाला?
काही नाही. सवय.
पितळ मात्र किलोवर जातं.
काटा आता विजेचा, शेवटचा आकडा
पाचावर जातो, सहावर येतो, पुन्हा पाचावर.
तोफा इथवर ऐकू येत नाहीत.
मी उठतो, पंखा बंद करतो.
गिऱ्हाईक घाम पुसत म्हणतं,
अहो काका, पाच तर पाच, लावा ना.