अजून

कूलरच्या जुन्या ताट्या काढायला
गहाणे यंदा स्टुलावर चढले
आणि तीन मिनिटं तसेच उभे राहिले.
उतरायचं कसं, ते विसरले नव्हते.
गुडघा विसरला होता.
मी खालून स्टूल धरलं होतं,
म्हणजे, स्टुलाला धरून उभी होते.

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, तरी मी त्यांना
वीज मंडळाच्या हिशेब शाखेतल्यासारखी
आडनावानेच हाक मारते.
म्हटलं, गहाणे, जाऊ या का आता?
"कुठं?"
तुम्हाला माहीत आहे कुठं.
"काहून घाई करतेस? अजून तर..."

अजून.
हा शब्द आमच्या घरात तीन वर्षांपासून
भाडं न देता राहतो आहे.
अजून स्कूटर चालवता येते, खामल्याच्या बाजारापर्यंत.
अजून लोणचं घालतो,
बरणी उतरवायला उमाठ्यांच्या पोराला बोलावून.
अजून एक उन्हाळा काढू.
अजून कुणी पडलेलं नाही.

पडल्यावर जाणं म्हणजे नेलं जाणं.
मला जायचं आहे.
माझी पर्स माझ्या खांद्याला,
कुलूप माझ्या हातानं लावून
आणि नेहमीसारखं दोनदा ओढून पाहून.

पराग म्हणतो, पुण्यात या,
आमच्या सोसायटीसमोरच एक आहे, स्विमिंग पूलसकट.
या वयात मला पुण्याचं मराठी शिकायचं नाही.

जामठ्याकडची जागा पाहिली. काचेची लॉबी,
आणि स्वागताची मुलगी इतकं हळू, इतकं गोड बोलत होती
की गहाण्यांना वाटलं, कुणीतरी वारलं आहे.
काटोल रोडची खरंच छान होती.
मोर होते, संत्र्याची झाडं होती, बस नव्हती.
विचारलं, मला एकटीला वाटलं
तर बर्डीवर कशी जाऊ?
"आजी, गाडी बोलवून देऊ ना आम्ही."
मग माझी दुपार
बोलवून देणाऱ्याच्या खिशात.

तिसरी अजनीकडे. जुनी, तीन मजली,
लिफ्ट प्रत्येक मजल्यावर दचकते,
पोह्यांवरची तर्री अगदी भित्री.
खोली बघत होतो तेव्हा यार्डातून आवाज आला,
मालगाडीचे डबे एकमेकांना भिडत गेल्याचा,
जवळून सुरू होऊन लांब कुठंतरी संपलेला.
गहाणे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले.
ते खिडकीशी गेले, पाठ माझ्याकडे.
डबे मोजत असावेत.
मी विचारलं नाही.

अर्जात रकाना होता:
तातडीच्या वेळी कुणाला कळवावं?
त्यांनी माझं नाव लिहिलं, मी त्यांचं.
कारकून म्हणाला, तुमच्या दोघांपैकी नको,
बाहेरचं कुणी द्या.
बाहेरचं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही
आमच्या बाहेर कोण कोण आहे ते आठवत बसलो.
शेवटी उमाठे लिहिलं, सात मिनिटांत पोचतात.
पराग दुसऱ्या क्रमांकावर.
तो रात्रीची गाडी पकडून येईल,
तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल.

पुढचा रकाना: केव्हापासून?
तिथं गहाण्यांचा पेन थांबला,
स्टुलावर ते थांबले होते तसा.
या वेळी मी काहीच धरलं नाही.
त्यांनी लिहिलं, मारबत गेल्यावर.
"काका, तारीख लागते."
हौ, म्हणाले. भिंतीवरच्या कॅलेंडरची
तीन पानं उलटली,
एकदा मागे येऊन पुन्हा पुढे गेले,
आणि लिहिली.

घरी आलो तेव्हा
चार वाजले होते, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.
उमाठ्यांच्या पोरानं नव्या ताट्या बसवून ठेवल्या होत्या.
मी बादलीनं पाणी ओतलं.
कोरडा वाळा आधी नुसताच सळसळला,
मग त्याला आठवलं,
आणि सगळ्या खोलीत तो वास.
गहाणे बनियनवर, डोळे मिटून,
कूलरसमोर अगदी जवळ बसलेले.
म्हणाले,
अजून थोडं टाक.