गोठ्याचं दार

आधी हे सांगते, की मी रागावले होते.
कुणी विचारलं तर चांगुलपणापासून सुरुवात करायची नाही
असं मी स्वतःला बजावलंय.

त्यांनी माझ्या लामांच्या गोठ्याचं दार जाळलं.
केन्युआच्या लाकडाचं दार, बापानं
तीन दिवस चालून पाठीवर आणलेलं.
पावणेचार हजार मीटरवर झाड म्हणजे ऐकीव गोष्ट.
सकाळी पाहते तर राख, दोन बिजागऱ्या,
आणि राखेच्या कडेला लहान मुलाचा एक मोजा,
वाळत घातलेला, मग विसरलेला.
दोन लामा रात्रीत निघून गेल्या,
कानांतल्या लाल लोकरीसकट.
दिवसभर हुडकत फिरले मी शिव्या देत,
आधी आयमारात, त्या संपल्यावर स्पॅनिशमध्ये.

लामा सापडल्या. संध्याकाळी
खिशात हात घातला तर मोजाही सापडला.
कधी ठेवला, आठवत नाही.

मिठाच्या रानावरून वारा येतो तेव्हा
बादलीतलं पाणी वाजतं, मग वाजेनासं होतं.
सैनिकांनी सीमेवर चर खणलाय.
त्यात पडून, त्यातून वर येऊन
ही माणसं पोचतात, पाच देश तुडवून,
आंब्यांच्या गावची, पायांत रबरी चपला.

त्या रात्री मी लेंड्यांचं पोतं बाहेर ठेवलं.
वाळलेल्या लेंड्या. धूर कमी, धग पहाटेपर्यंत.
दया वगैरे नाही;
जाळायला दुसरं दार माझ्याकडे नव्हतं.

तिसऱ्या रात्री पोत्याशेजारी
सेवेरीनाची किटली होती. पाचव्या रात्री
प्रिमितिवाचं घोंगडं, निएवेसचे बटाटे.
आम्ही एकमेकींना काही विचारलं नाही.

मग गावसभा. कासिमिरो उठला:
टाकीत पाणी आपल्यालाच पुरत नाही,
आज चाळीस आहेत, उद्या चारशे येतील.
तो खोटं बोलत नव्हता. टाकी मीही पाहिली होती.
सेवेरीनानं टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणाली,
माझा पोरगा दोन वर्षं किनाऱ्यावरच्या शहरात आहे.
तिथेही कुणीतरी पाणी मोजत बसलं असेल.
आणि ती बसली.
बायकांचे हात वर गेले. पुरुषांनी
बराच वेळ आपापल्या चपलांकडे पाहिलं.

आता किन्वा आम्ही मोठ्या घमेल्यात धुतो,
कडू फेस जाईपर्यंत, सात पाणी नाही, चारच.
थोडा कडवटपणा राहतो. कुणी तक्रार केली नाही.

एकदा युस्मारी नावाची मुलगी आली,
लेकरू छातीशी धरून, हात लाकडासारखे.
मी तिला कापडात बांधून पाठीवर घ्यायला शिकवलं.
म्हटलं, आमच्या भाषेत काल डोळ्यांसमोर असतो,
कारण तो पाहून झालाय.
उद्या पाठीमागे. दिसत नाही, फक्त वजन कळतं.
ती म्हणाली, म्हणजे मी इतके महिने पाठमोरी चालतेय?
आणि हसली, ओठ फुटून रक्त येईपर्यंत.
मोजा तिच्या लेकराला झाला नाही.

सगळे हसत नाहीत.
जुलैत पाणथळीत एक म्हातारा सापडला,
बर्फाखाली, गुडघे पोटाशी घेऊन.
खिशात किल्ली, कुठल्या घराची कोण जाणे.
कासिमिरोनं खड्डा खणला. एकट्यानं.
कुणाला फावडं धरू दिलं नाही.

सरकारी माणूस आला, कागद घेऊन.
संस्थेचं नाव?
आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
निएवेस म्हणाली, लिहा, चौघी.
प्रमुख कोण?
ज्या दिवशी जिची चूल पेटेल ती.
त्यानं रकाना कोराच ठेवला.

दार मी अजून लावलेलं नाही.
तिथे जुनं घोंगडं टांगलंय.
लामांना सवय झालीय, त्या जात नाहीत.
आणि माणसं, रात्री-अपरात्री येणारी,
गारठलेली, निम्मी झोपेत,
त्या नसलेल्या दारापुढे थांबतात,
हवेवर टकटक करावी तसा हात उचलून विचारतात,
येऊ का?

या, मी आतून ओरडते.
जपून. डावीकडची थुंकते.