तीन सोंगट्यांचं पुस्तक

गेगा नऊ वर्षांचा, तिसऱ्या मजल्यावरचा.
अंगणातल्या लाकडी टेबलावर त्यानं त्सिआलाला
अकराव्यांदा हरवलं
आणि जिना चढताना म्हणाला,
मावशी, तुला पुस्तक लागेल.
तो स्वतः फोनवर शिकतो.
तिच्या बोटांना पीठ असतं, फोन तिचं ऐकत नाही.

शनिवारी बेकरीची रात्रपाळी संपवून ती तशीच गेली
रिओनीवरच्या पुलाशी,
जिथं ओतिया चादरीवर जुनं सामान मांडतो.
वजनकाटे, पदकं, बिनकानाचे कप,
आणि कडेला बुद्धिबळाची पुस्तकं,
बहुतेक रशियन, कुणाच्या तरी वडिलांची.

आपण ज्याला उंट म्हणतो
ते कुताइसीत कासव.
सबंध पट एका दमात तिरका ओलांडणारं कासव.
वजीर मात्र जवळजवळ वजीरच,
वाटेत एक अक्षर बदललेला.

पहिलं उचललं ते सहाशे पानांचं,
नुसत्या सुरुवातीच्या खेळ्या,
फांदीला फांदी, तिला डहाळी.
गेगा पाचव्या खेळीलाच रस्ता सोडतो,
उरलेल्या पानांचं मी काय करू?

दुसरं कोड्यांचं. दोन खेळ्यांत मात, तीन खेळ्यांत मात.
सूर्यफुलाच्या बियांसारखं,
हात थांबत नाही आणि पोटही भरत नाही.
शिवाय डाव चालू असताना
कोण कानात येऊन सांगतं
की बाई, आत्ता, इथं, कोडं आहे?

तिसऱ्यात एका विजेत्याचे शंभर डाव, फोटोंसकट.
दुसऱ्याच्या लग्नातली पंगत ऐकून
कुणाला ढेकर आलाय?

ओतियानं चहाचा पेला खाली ठेवला.
हरतेस कुठं?
अंगणात.
तसं नाही. डावात कुठं?

हे तिला कुणी विचारलं नव्हतं.
तिनं त्याच्या पटावर कालचा डाव आठवून मांडला;
एक कासव हरवलेलं, त्याच्या जागी अत्तराच्या बाटलीचं बूच.
वजीर गेले, घोडे गेले,
तिच्याकडं एक प्यादं जास्त.
आणि मग?
मग ती गप्प झाली.
परवाही इथंच. त्याच्या आधीही.
पाव छान फुगावा, खरपूस व्हावा,
आणि भट्टीच्या भिंतीवरून काढताना
निखाऱ्यात पडावा, तसं.

ओतियानं चादरीखालून काढलं ते पातळ, बिनकव्हरचं.
पानोपानी रिकामा पट,
दोन राजे, एक प्यादं.
हे कुणी घेत नाही, म्हणाला, यात काही घडत नाही.

समासात कुणाची तरी पेन्सिल.
एकतिसाव्या पानावर उत्तर तीनदा खोडलेलं,
कागद झिजून पलीकडचा राजा दिसतो.
बत्तिसावर: कांदे, सोडा, दोन बल्ब.
चव्वेचाळीसनंतर कोरं.
कंटाळला असेल, की पुढं त्याला पेन्सिल लागलीच नाही?
ओतियाला माहीत नव्हतं.
त्यानं तीन लारी सांगितले,
तिनं दोन दिले आणि काखेतला गरम पाव.

आता ती पाळीआधी पिठाच्या पोत्यावर पट ठेवते.
दोन राजे समोरासमोर, मधे एकच घर.
ज्याची पाळी, त्यानं बाजूला व्हायचं.
अरुंद जिन्यात पिशव्या घेतलेल्या दोन बायका,
एवढंच तर आहे, असं वाटतं,
आणि तरी उत्तर चुकतं.
इतकी वर्षं तिनं राजाला कोपऱ्यात दडवला,
हलू नकोस म्हणून बजावत.
हे पुस्तक म्हणतं, चालव त्याला. पुढं. अजून पुढं.

महिनाभरानं चव्वेचाळीस आलं.
गेगा खालून ओरडला, येतेस का?
थांब जरा, ती म्हणाली.
पंचेचाळीसच्या समासात
तिनं पहिलं उत्तर लिहिलं,
मागचं पान उघडून ताडून पाहिलं,
आणि खोडरबर शोधायला
ॲप्रनच्या खिशात हात घातला.